अलॉय चाकांना बॅलन्सिंगचे वजन कोणते लावावे : क्लिपचे की पट्टीचे?

यवतेश्वरकर (सातारा)

नमस्कार मंडळी. गेल्या तीन महिन्यांत एकाच गाडीच्या चाकांचे बॅलन्सिंग (वजने लावून चाकाचा जडपणा सगळीकडे सारखा करणे) मी तीन वेळा करून घेतले, तरीही स्टेअरिंगची थरथर पूर्णपणे गेलेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक आहे, टायरचे माप १८५/६५ आर १५ आहे आणि चाके कंपनीकडूनच आलेली अलॉयची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहेत. दिवाळीआधी चारही टायर नवे घातले. त्यानंतर पुण्याला जाताना खंबाटकी ओलांडून सपाट रस्ता लागला आणि वेग ८५ च्या पुढे गेला की स्टेअरिंग हातात थरथरू लागते; ते १०० च्या आसपास सर्वाधिक जाणवते आणि वेग ७० च्या खाली आणला की पूर्ण थांबते.

पहिल्या दुकानात रिमच्या कडेला हातोडीने ठोकून बसवायची शिशाची वजने लावली. त्यांतले एक पंधरा दिवसांत कुठेतरी गळून पडले, त्याची खूण तेवढी रिमवर राहिली. दुसऱ्या दुकानदाराने बाकीची क्लिपची वजने काढून टाकली आणि चाकाच्या आतल्या पोटात चिकटपट्टीची वजने लावली. थरथर कमी झाली, पण गेली नाही. तिसऱ्या ठिकाणी त्याच वजनांवर आणखी वजने चढवली. आता पुढच्या उजव्या चाकात मिळून ८५ ग्रॅम वजन आहे, आणि मशीनवर मात्र दोन्ही बाजूंना शून्य दिसले होते. हे शून्य मी स्वतः उभे राहून पाहिले आहे, त्यामुळे दुकानदार खोटे बोलला असे मला म्हणता येत नाही.

माझे प्रश्न असे : अलॉयला क्लिपचे वजन लावावे की पट्टीचे? शिसे, जस्त आणि लोखंड यांत काही फरक पडतो का? आणि एका चाकाला किती ग्रॅम वजन लागले म्हणजे काहीतरी चुकते आहे असे समजावे?

शंभरफुटी (सांगली)

यवतेश्वरकर, उत्तर देण्याआधी काही गोष्टी विचारतो. थरथर फक्त स्टेअरिंगमध्ये आहे की सीटखाली आणि पायाखालीही जाणवते? हातात जाणवत असेल तर बहुधा पुढची चाके, आणि बैठकीत जाणवत असेल तर बहुधा मागची, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. ब्रेक दाबल्यावरच थरथर वाढते का? तसे असेल तर बॅलन्सिंगच्या मागे न लागता आधी ब्रेकच्या डिस्क तपासून घ्या. गाडी एका बाजूला ओढते का? ओढत असेल तर तो अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा विषय आहे. आपल्याकडे दोन्ही कामांची एकच पावती फाडतात, त्यामुळे लोकांच्या मनात हे दोन विषय कायमचे एकत्र झाले आहेत. अलाइनमेंट कितीही अचूक केले तरी असंतुलित चाकाची थरथर त्याने थांबत नाही.

शिवाय जमल्यास चाक उतरवून आतून पाहा आणि वजने नेमकी कुठे व कशी बसवली आहेत ते इथे लिहा. ‘आतल्या पोटात’ एवढ्यावरून काही कळत नाही.

यवतेश्वरकर (सातारा)

थरथर फक्त स्टेअरिंगमध्ये आहे. ब्रेकशी तिचा संबंध नाही आणि गाडी सरळ जाते.

आज सकाळी पुढचे उजवे चाक उतरवून अंगणात आडवे टाकले. रिमच्या बाहेरच्या कडेला, जिथून पहिले वजन गळाले, तिथे नखाएवढ्या दोन अर्धगोल चऱ्या आहेत, रंग गेलेला आहे आणि एका चरीत पांढरी भुकटी धरली आहे. बोट फिरवल्यावर ती भुकटी पिठासारखी हाताला लागते. आतल्या बाजूला पट्टीच्या वजनांच्या दोन रांगा आहेत. एक रांग आतल्या कडेपासून साधारण दोन बोटांवर आहे. दुसरी आरांच्या मागे असायला हवी असे वाटले होते, पण ती पोटाच्या साधारण मध्यावर आहे. दोन्ही रांगांमध्ये फार तर तीन इंचांचे अंतर असेल. एका रांगेवर तिसऱ्या दुकानातली वजने आहेत, म्हणजे चक्क जुन्या वजनांच्या पाठीवर नवी चिकटवली आहेत. त्यांतला शेवटचा तुकडा नखाने उचलला तर अर्धा सुटून आला, आणि त्याच्या गोंदाला ब्रेकची काळी धूळ लागलेली दिसली.

मोजपट्टी (मिरज)

तुमच्या या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे. माझे आयुष्य यंत्रशाळेत गेले आणि त्यातली काही वर्षे फिरत्या भागांच्या संतुलनाच्या कामात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी हे वजन एवढे महत्त्वाचे का ते पाहू. तुमच्या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला जवळजवळ १४ फेरे घेते. रिमच्या कडेवर, म्हणजे केंद्रापासून साधारण १९ सेंटिमीटरवर, २० ग्रॅमचा असमतोल असेल, तर त्या वेगाला तो सुमारे ३ किलो वजनाएवढ्या जोराने चाकाला बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदात चौदा वेळा वर, खाली, पुढे, मागे फिरते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ५० च्या वेगाला तोच असमतोल पाऊण किलोएवढाच राहतो. पोवई नाक्यावरून फिरताना काही कळत नाही आणि महामार्गावर स्टेअरिंग बोलू लागते ते यामुळे. १०० च्या आसपास थरथर सर्वाधिक वाटण्याचे कारण असे की त्या वेगाला चाकाच्या फेऱ्यांची लय सस्पेन्शन आणि स्टेअरिंगच्या स्वतःच्या डोलण्याच्या लयीच्या जवळ येते.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या तीन खेपांचे मूळ इथेच आहे. चाकाचा असमतोल दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात चाकाचा एक भाग नुसता जड असतो. असे चाक मोकळे सोडले तर जड बाजू खाली येऊन थांबते. दुसऱ्या प्रकारात आतल्या बाजूला एका ठिकाणी आणि बाहेरच्या बाजूला नेमक्या समोरच्या ठिकाणी सारखाच जडपणा असतो. मोकळे सोडलेले असे चाक कुठेही थांबते, पण वेगाने फिरताना ते डावीकडे-उजवीकडे वळवळते. पुढच्या चाकातली ही वळवळ थेट स्टेअरिंगमध्ये येते. म्हणूनच मशीन दोन जागांसाठी दोन आकडे दाखवते, एक आतल्या बाजूचा आणि एक बाहेरच्या बाजूचा.

मात्र हे आकडे मशीनने गृहीत धरलेल्या जागांसाठीच खरे असतात, हे पुष्कळ कारागिरांच्या लक्षात राहत नाही. मशीनला तीन मापे द्यावी लागतात : मशीनपासून रिमच्या कडेचे अंतर, रिमची रुंदी आणि व्यास. त्याशिवाय वजन कुठे लावणार तेही सांगावे लागते. दोन्ही कडांवर क्लिपने, की आतल्या कडेवर क्लिप आणि आरांच्या मागे पट्टी, की दोन्हीकडे पट्टी. मशीन जर ‘दोन्ही कडांवर क्लिप’ समजून आकडे दाखवत असेल आणि कारागीर तेवढ्याच ग्रॅमची पट्टी पोटाच्या मध्यावर चिकटवत असेल, तर हिशेब चुकलाच.

तो किती चुकतो हे आकड्यांत पाहा. समजा वळवळ थांबवण्यासाठी दोन्ही कडांवर १०-१० ग्रॅम समोरासमोर हवे आहेत. तुमच्या रिमच्या कडांमधले अंतर साडेपाच इंच, म्हणजे १४० मिलिमीटर धरू, आणि कडेची त्रिज्या १९० मिलिमीटर. आता तीच दुरुस्ती पोटातल्या दोन रांगांतून करायची आहे. तिथे त्रिज्या साधारण १६५ मिलिमीटर आणि तुम्ही सांगता तसे रांगांमधले अंतर ८० मिलिमीटरच्या आसपास. गुणाकार करून पाहिला तर १० ग्रॅमच्या जागी दोन्हीकडे सुमारे २० ग्रॅम लागतात. थोडक्यात, रांगा एकमेकींच्या जितक्या जवळ, तितके वजन जास्त. तुमचे ८५ ग्रॅम इथून आले असावेत. तिसऱ्या दुकानात मशीन योग्य पद्धतीवर ठेवले असेल, म्हणून तिथे शून्य आले. पण ते शून्य भरमसाट वजनाच्या जोरावर आणले आहे, आणि त्यातला एखादा तुकडा जरी सरकला किंवा उचलला गेला तरी शून्य संपते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : अलॉयच्या आतल्या कडेला, ती कड क्लिप घेणाऱ्या आकाराची असेल तर, अलॉयसाठीची क्लिप लावावी, आणि बाहेरच्या बाजूसाठी आरांच्या अगदी पाठीमागे, जमेल तितकी बाहेरच्या तोंडाजवळ पट्टी लावावी. दोन जागांमधले अंतर जास्त मिळते, वजन कमी लागते आणि दर्शनी बाजूला काही दिसत नाही. कड क्लिप घेत नसेल तर दोन्हीकडे पट्टी, पण तेव्हाही एक रांग आतल्या टोकाशी आणि दुसरी आरांना भिडलेली असावी.

जुना_चालक (कराड)

मोजपट्टी यांचा हिशेब वाचला आणि पटलाही, परंतु क्लिपच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा आहे, तो नोंदवतो. तीस वर्षे गाडी चालवतो आहे. शिशाचे वजन मऊ असते, ते ठोकल्यावर कडेच्या वळणाप्रमाणे बसते आणि मग हलत नाही. पट्टीची वजने मात्र माझ्या गाडीवर एका पावसाळ्याहून जास्त टिकलेली नाहीत. पाटणच्या बाजूला सततचा पाऊस, रस्त्यावरचे पाणी आणि वर धुलाई केंद्रातला पाण्याचा मारा. गोंद किती तग धरणार? मी तर अलॉयलाही बाहेरून क्लिपच लावून घेतो. दिसायला बरे दिसत नाही, पण चाक शोभेसाठी नसते.

मोजपट्टी (मिरज)

जुना_चालक, शिसे वळते हे खरे आहे, परंतु चाकावर पकड शिशाची नसते, ती त्यातल्या पोलादी क्लिपची असते, आणि क्लिप वळत नाही. पोलादी रिमची कड पातळ असते, अलॉयची जाड आणि गोलाईने वेगळी असते. म्हणून क्लिपचे साचे वेगवेगळे निघतात आणि त्यांना अक्षरांची नावे आहेत : ‘पी’ साचा पोलादी रिमसाठी, आणि ‘एमसी’, ‘एडब्ल्यू’, ‘एफएन’ यांसारखे साचे निरनिराळ्या कडांच्या अलॉयसाठी. कोणता साचा बसेल हे पाहायला प्लास्टिकची एक साधी मापपट्टी मिळते. ती रिमच्या कडेवर टेकवली की काम होते. पोलादी रिमची क्लिप अलॉयवर ठोकली तर ती दोन टोकांवर टेकते आणि मधे अधांतरी राहते. यवतेश्वरकरांना दिसलेल्या दोन अर्धगोल चऱ्या म्हणजे ती दोन टोके.

योग्य क्लिप बसली आहे की नाही हे ओळखायचे असेल तर ती बोटांनी सरकवून पाहावी. वजन पूर्ण लांबीभर रिमला टेकलेले असले पाहिजे, आणि हाताने ढकलून ते जागचे हलता कामा नये. काढलेली क्लिप पुन्हा वापरू नये, कारण एकदा उचकटली की तिचा ताण जातो. पट्टीचेही तसेच आहे.

ती पांढरी भुकटी ॲल्युमिनियमची आहे. रंग खरवडला गेला, उघड्या धातूला पोलादी क्लिप भिडली आणि मधे पाणी राहिले, की दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियम झिजते. म्हणून अलॉयसाठीच्या क्लिपवर वरून लेप दिलेला असतो. पश्चिमेकडच्या पावसात, म्हणजे महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो त्या पट्ट्यात, बाहेरच्या कडेला बिनलेपाची क्लिप लावणे म्हणजे रिमला कायमची जखम करणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पट्टी पावसाने निघत नाही, ती लावताना झालेल्या हयगयीने निघते. जुना गोंद पूर्ण खरवडून, ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून, मग पट्टी अंगठ्याने दाबून बसवली तर ती वर्षानुवर्षे राहते. गोंदाला पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काय होते? ओल्या चाकावर हाताने फडके फिरवतात, कागद सोलतात आणि चिकटवतात, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी गाडी धुवायला नेते.

हिशेबी (सातारा)

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती लिहितो. माझ्या ओळखीच्या एका दुकानात बॅलन्सिंगचा दर चाकामागे ठरलेला आहे आणि वजनाचे पैसे मात्र ग्रॅमवर लावतात. म्हणजे जितके वजन जास्त तितके बिल मोठे. जुनी वजने न काढता त्यावर नवी चढवण्याची सवय कुठून लागते हे यावरून कळावे. मी आता दुकानात गेल्यावर पहिले वाक्य हेच बोलतो की आधीची सगळी वजने काढा, चाक धुवा आणि मगच मशीनवर चढवा. एकदा असे केल्यावर एका चाकाला ५५ ग्रॅमच्या जागी १५ ग्रॅम पुरले. दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा होता.

कृष्णाकाठ (आष्टा)

हिशेबी यांच्या ‘चाक धुवा’ या दोन शब्दांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. गेल्या हंगामात ऊसतोड चालू असताना मी गाडी फडापर्यंत नेली. काळ्या रानातून वाट होती, आदल्या दिवशी पाणी दिले होते. परत येताना पेठ-सांगली रस्त्यावर गाडी ६० लाच नाचू लागली. टायर फाटला की काय म्हणून घाबरून बाजूला घेतली. चारही टायर ठीक होते. दुसऱ्या दिवशी चाक उतरवले तेव्हा रिमच्या पोटात एका बाजूला वीटभर जाडीची माती वाळून घट्ट झाली होती. ती खुरप्याने काढून मी सहज काट्यावर टाकली : १८० ग्रॅम. बॅलन्सिंगचा एक रुपयाही खर्च न होता थरथर गेली. काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते. बाहेरून पाणी मारून ती निघत नाही, चाक उतरवूनच काढावी लागते.

यवतेश्वरकर (सातारा)

सर्वांचे आभार. धातूचा प्रश्न राहिला आहे. एका दुकानात लोखंडी पट्टी मिळते, दुसऱ्यात शिशाची. दोघेही आपलीच चांगली असे सांगतात.

मोजपट्टी (मिरज)

२० ग्रॅम शिसे आणि २० ग्रॅम लोखंड यांत चाकाला काही फरक कळत नाही, फरक जागेचा पडतो. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, लोखंडाची ७.९ पट आणि जस्ताची ७.१ पट आहे. त्यामुळे तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा शिशाच्या सुमारे दीडपट जागा घेतो आणि जस्ताचा त्याहून थोडी जास्त. अलॉयच्या पोटात पुढच्या चाकांना ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) रिमच्या अगदी जवळ असतो. तिथे जाड लोखंडी पट्टी लावली तर ती कॅलिपरला घासू शकते. म्हणून जॅक खाली सोडण्याआधी चाक हाताने पूर्ण एक फेरा फिरवून ऐकावे. चपट्या आकाराची लोखंडी पट्टी मिळते, ती घेतली की ही अडचण राहत नाही.

शिशाविरुद्धचे खरे कारण आरोग्याचे आहे. रस्त्यावर गळून पडलेले वजन गाड्यांखाली चिरडून त्याची धूळ होते, आणि शिसे शरीरात थोडेही गेले तरी मुलांच्या मेंदूला त्याची बाधा होते. युरोपीय संघाने २००० सालच्या वाहनविषयक निर्देशाखाली १ जुलै २००५ पासून शिशाची वजने बंद केली आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१० पासून. आपल्याकडे अनेक दुकानांत अजून शिसेच दिसते, आणि काढलेले तुकडे दुकानातली पोरे उघड्या हाताने डब्यात गोळा करतात. पुढे ते मासेमारीच्या जाळ्याच्या गोळ्यांसाठी वितळवले जाताना मी कृष्णेच्या घाटावर पाहिले आहेत. तुम्हाला निवड असेल तर लेप दिलेले लोखंड किंवा जस्त घ्या.

सहज_वाचक (विटा)

टायरमध्ये पंक्चर-रोधक द्रव भरला असेल तर बॅलन्सिंग करण्यात अर्थ आहे का?

शंभरफुटी (सांगली)

फारसा नाही. गाडी उभी असताना तो द्रव खाली साठतो आणि सुरुवातीच्या काही किलोमीटरांत सारखा पसरत नाही. मशीनवर तर दर फिरवणीला वेगळा आकडा येतो. आमच्या इथे असे चाक आले की आधी टायर उतरवून आत पुसून घ्या असे सांगतात, आणि ते बरोबर आहे.

आता यवतेश्वरकर, तुम्ही पुन्हा जाणारच आहात तर माझ्याकडून तीन सूचना. पहिली, पहिल्या फिरवणीनंतर चाक मशीनच्या दांड्यावर सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करायला सांगा आणि वजन न लावता दुसऱ्यांदा फिरवा. दोन्ही वेळा आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. ते बदलले तर चाक मशीनच्या दांड्यावरच्या, ते मधोमध धरणाऱ्या शंकूवर नीट बसलेले नाही, आणि चुकीच्या मोजणीवर कितीही चांगले वजन लावले तरी ते वाया जाते. दुसरी, तुमच्या आकाराच्या चाकाला दोन्ही बाजू मिळून ६० ग्रॅमच्या पुढे मागणी आली तर वजन लावू नका, हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पुन्हा बसवायला सांगा. रिमचा जडपणा आणि टायरचा जडपणा एकाच बाजूला आले असतील तर ते त्यामुळे समोरासमोर येतात आणि एकमेकांना खातात. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी जागा असते. तो ठिपका व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी ठेवावा, कारण व्हॉल्व्हची बाजू जड असते.

तिसरी सूचना तुमच्यासाठी नाही, बाहेरून अलॉय घेतलेल्यांसाठी आहे. बाजारातल्या अनेक अलॉयचे मधले छिद्र मोठे असते, म्हणजे ६७.१ किंवा ७३.१ मिलिमीटर, आणि सुझुकीच्या छोट्या गाड्यांच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा असतो. मधली पोकळी भरणारे कडे घातले नाही तर मशीनवर शंकूने मधोमध धरलेले चाक गाडीवर केवळ नटांच्या आधाराने, थोडे बाजूला बसते. अशा गाडीचे बॅलन्सिंग दहा वेळा केले तरी थरथर राहते, आणि दोष मात्र वजनांवर जातो.

जुना_चालक (कराड)

कडे घालण्याची गोष्ट मला नवीन आहे. माझ्या पुतण्याच्या गाडीला बाहेरचे अलॉय बसवल्यापासून नेमका हाच त्रास आहे. उद्याच छिद्र मोजून घेतो.

यवतेश्वरकर (सातारा)

काल वाढे फाट्याकडच्या एका लहान दुकानात जाऊन आलो. तिथला कारागीर विशीतला आहे, पण हातातले काम सोडून त्याने माझे सगळे ऐकून घेतले, त्यामुळे झालेल्या कामाची नोंद इथे ठेवतो.

त्याने पुढची दोन्ही चाके उतरवून जुनी वजने प्लास्टिकच्या खरवडणीने काढली. उजव्या चाकातून निघालेला ढीग तळहातावर मावत नव्हता. गोंदाचे डाग काढायलाच वीस मिनिटे गेली. पोट धुऊन, हवा मारून, वाळवून चाक मशीनवर चढवले. पडद्यावर चाकाचे चित्र येते आणि त्यावर वजनाच्या जागा ठिपक्यांनी दिसतात. ते चित्र पाहून मला एकदम आठवले की दुसऱ्या दुकानात ठिपके चाकाच्या दोन्ही कडांवर होते आणि वजने मात्र पोटात लावली होती. मोजपट्टी यांचे निदान अगदी बरोबर होते.

या वेळी आतल्या कडेला क्लिप आणि आरांच्या मागे पट्टी, अशी पद्धत निवडली. पहिल्या फिरवणीत आत २५ आणि बाहेर ४० आले. चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजले तर २५ आणि ३५. म्हणजे मोजणी ठीक होती, मागणी मात्र जास्त होती. शंभरफुटी यांचे सांगणे ऐकवले तेव्हा टायर सरकवायचे वेगळे पैसे पडतील असे तो म्हणाला. मी हो म्हटले. टायरच्या बाजूवरचा पिवळा ठिपका पुसट दिसत होता आणि तो व्हॉल्व्हपासून जवळजवळ समोर, उलट टोकाला होता! तो व्हॉल्व्हशी आणल्यावर आत १५ आणि बाहेर २० ग्रॅमवर काम आटोपले. ८५ ग्रॅमच्या जागी ३५. डाव्या चाकाला आत १० आणि बाहेर १५ पुरले.

क्लिपच्या बाबतीत थोडी ओढाताण झाली. त्याच्याकडे अलॉयचे दोन साचे होते. पहिला कडेवर ठेवला तर मधून उजेड दिसत होता, दुसरा पूर्ण टेकला. तोच बसवला, वजनाच्या पकडीच्या हातोडीने मधोमध दोनच ठोके. पट्टी लेप दिलेल्या लोखंडाची, पाच-पाच ग्रॅमच्या तुकड्यांची होती. ती लावण्याआधी त्याने अल्कोहोल नसल्याने थिनर काढला, तेव्हा मी औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणून दिली. चाक बसवून हाताने फिरवले, कॅलिपरला काही लागत नाही.

आज पहाटे रस्ता मोकळा असताना कराडच्या दिशेने जाऊन आलो. ८५, ९५ आणि परत ७०. स्टेअरिंग शांत आहे. ९५ ला अगदी किंचित गुणगुण आहे, पण ती आता सीटमध्ये आहे, हातात नाही.

मोजपट्टी (मिरज)

अभिनंदन. सीटमधली गुणगुण मागच्या चाकांची असावी. नवे टायर चारही होते आणि काम दोनच चाकांचे झाले आहे. थिनर टाळलात हे चांगले केलेत, त्याने रिमचा लेप मऊ होतो. तीन दिवस गाडी धुऊ नका, आणि यवतेश्वर घाट उतरताना ब्रेकवर भार न टाकता खालच्या गिअरमध्ये उतरा, कारण डिस्क तापली की ताजा गोंद सैल पडतो. आणखी एक छोटी युक्ती सांगतो. रंगाच्या पेनाने प्रत्येक वजनावरून रिमवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढून ठेवा. वजन सरकले तर रेघ तुटलेली दिसते, आणि गळून पडले तर अर्धीच उरते.

सहज_वाचक (विटा)

स्टेपनीचे काय केलेत?

यवतेश्वरकर (सातारा)

रेघा ओढल्या आहेत, पांढऱ्या. दहा दिवस झाले, चारही अखंड आहेत. मागची चाके परवा त्याच मुलाकडून करून घेतली. डाव्याला एकूण ३० लागले आणि उजव्यात रिमच्या पोटात वाळलेला चिखल निघाला, त्यामुळे कृष्णाकाठ यांची आठवण झाली.

स्टेपनी पोलादी रिमची आहे आणि तिच्यावर पहिल्या दुकानातली दोन शिशाची वजने अजून जागच्या जागी घट्ट बसलेली आहेत. तो साचा त्या रिमचाच आहे, तेव्हा तिला हात लावला नाही.